‘पी-एफ्’ : दोष यंत्राचा कीं विजेचा?

मनुष्य आजारी पडला म्हणजे तो बोलून दाखवितो. जनावर आजारी पडलें तर तें खाणें टाकतें. यंत्राच्या बाबतींत मात्र फार दिवस अशी सोय नव्हती. तें बंद पडे, आणि कां बंद पडलें याचा शोध मिस्त्रीनें घ्यावयाचा. हल्लींच्या घरगुती यंत्रांनीं ही अडचण बरीचशी दूर केली आहे. कपडे धुण्याच्या यंत्राच्या कपाळावर एक लहानशी कांच असते, आणि कांहीं बिनसलें म्हणजे तिच्यावर दोन-तीन अक्षरें उमटतात. ही यंत्राची भाषा होय. परंतु बोलणारा असून भागत नाहीं, समजणाराहि असावा लागतो. आणि आमच्या घरोघरीं नेमकी तीच उणीव आहे. अक्षरें उमटलीं कीं घरांत धांदल उडते, दुरुस्ती करणाऱ्यास टेलिफोन जातो, आणि जें काम एक बटण दाबून व्हावयाचें त्यासाठीं ओले कपडे दोन-दोन दिवस यंत्राच्या पोटांत कुबट होत पडतात.

या अक्षरांपैकीं ‘पी’ आणि ‘एफ्’ या जोडीविषयीं आज आम्ही लिहीत आहों. ‘पॉवर फेल्युअर’ म्हणजे वीजपुरवठा खंडित होणें, या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत. हीं दोन अक्षरें बहुधा निरुपद्रवी असतात. पण कधीं कधीं तींच घरांत लागूं पाहणाऱ्या आगीची पहिली वर्दी असते. हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावे, हाच या लेखाचा विषय. उदाहरणादाखल आम्हीं नाशिकजवळचा देवळाली कॅम्प घेतला आहे. जुने बंगले, पावसाळी वारा, आणि वर्षांतून थोडेच महिने उघडीं राहणारीं हवापालटाचीं घरें, या तिन्ही गोष्टी तेथें एकत्र नांदतात; आणि या तिहींचाहि आमच्या विषयाशीं निकट संबंध आहे.

यंत्राला कळतें कसें?

पहिली शंका अशी येते कीं, वीजच गेली असतां यंत्रानें ती गोष्ट लक्षांत तरी कशी ठेवावी? याचें उत्तर सोपें आहे. धुलाईयंत्राच्या आंत एक चिमुकला हिशेबनीस बसविलेला असतो. पाणी किती घेतलें, कितवें खळबळणें चालू आहे, पिळण्याची पाळी आली कीं नाहीं, याची नोंद तो वेळोवेळीं अशा स्मरणपटावर करून ठेवतो कीं जो वीज गेली तरी पुसला जात नाहीं. वीज परत आली आणि यंत्र जागें झालें कीं तो आपली वही उघडून पाहतो. काम अर्धवट आहे, आणि कोणीं थांबविल्याची नोंद तर नाहीं, असें आढळलें म्हणजे मध्यंतरीं वीज गेली होती असा निष्कर्ष तो काढतो आणि कांचेवर ‘पी-एफ्’ लिहितो. यंत्र येथें दुखण्याची तक्रार करीत नाहीं. ‘माझें काम मध्येंच तुटलें, पुढें चालवूं कीं सोडून देऊं?’ एवढेंच तें धन्यास विचारीत असतें.

एल्. जी. कंपनीच्या धुलाईयंत्रांत या अक्षरांचा हाच अर्थ आहे, आणि व्हर्लपूल कंपनीच्या कांहीं यंत्रांतहि तो असाच आहे. सर्व कंपन्यांची परिभाषा मात्र एक नाहीं. कित्येक यंत्रें वीज परत आल्यावर एक अक्षरहि न काढतां काम पुढें चालूं करतात. यासाठीं यंत्राबरोबर आलेली पुस्तिका रद्दींत न घालतां जपून ठेवावी. वर सांगितलेल्या एल्. जी.च्याच यंत्रांत ‘आय्-ई’ म्हणजे नळाचें पाणी आंत येत नाहीं, ‘ओ-ई’ म्हणजे आंतलें पाणी बाहेर जात नाहीं, ‘यू-ई’ म्हणजे कपड्यांचा तोल एका बाजूस गेला आहे, ‘डी-ई’ म्हणजे दार नीट लागलेलें नाहीं, आणि ‘सी-एल्’ म्हणजे मुलांनीं बटणें दाबूं नयेत म्हणून घातलेलें कुलूप चालू आहे. यांपैकीं पुष्कळशा गोष्टी गृहिणीस स्वतः निस्तरतां येण्यासारख्या आहेत. पहिल्या चारांत यंत्र पाण्याविषयीं, कपड्यांविषयीं किंवा दाराविषयीं बोलतें. ‘पी-एफ्’ मध्यें मात्र तें भिंतींतून येणाऱ्या विजेविषयीं बोलत असतें, हें विसरूं नये.

एका गांवाच्या नांवाची गोष्ट

दोष एकाचा आणि बोल दुसऱ्यास, या प्रकाराचें एक जगप्रसिद्ध उदाहरण देवळालीच्याच नांवांत सांपडतें. १८६१ सालीं इंग्रज सरकारनें येथें लष्कराची मुक्कामाची छावणी घातली. हिंदुस्थानांतील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेस परत जाण्यापूर्वीं येथें येऊन थांबत. पण सैनिक नेणारीं जहाजें वर्षभर सुटत नसत. तीं बहुतेक हिवाळ्याच्या महिन्यांतच निघत. ज्याची मुदत अवेळीं संपे त्यास महिनेच्या महिने येथें निरुद्योगी बसून काढावे लागत. ऊन, हिंवताप, दारू आणि रिकामपण यांनीं कित्येकांचीं डोकीं फिरत. अशा मनुष्यास त्याचे सोबती ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणूं लागले. त्यांतील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, आणि ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली. हा शब्द इंग्रजी भाषेंत कायमचा रुजला, आणि आजहि इंग्रजी कोशांत वेड्या मनुष्याचें विशेषण म्हणून तो सांपडतो.

वस्तुतः देवळालीची हवा इतकी चांगली कीं, निरनिराळ्या समाजांच्या दानशूर गृहस्थांनीं पुढें आरोग्यभुवनें बांधण्यासाठीं हेंच ठिकाण निवडलें. आणि मुंबईचीं कित्येक कुटुंबें पिढ्यान् पिढ्या हवापालटासाठीं लॅम रोडच्या आसपास येऊन राहिलीं. शिपायांचीं डोकीं बिघडलीं तीं गांवामुळें नव्हेत, वेळेवर न आलेल्या जहाजांमुळें. पुरवठा तुटला आणि नांव खराब झालें तें मुक्कामाच्या जागेचें! धुलाईयंत्राच्या बाबतींत आपण नेमकें हेंच करीत असतों. वीज न पोंचल्यामुळें यंत्र थांबतें, आणि आपण म्हणतों कीं यंत्र बिघडलें. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्यांतलाच हा प्रकार होय.

वीज येते कोठून, तुटते कोठें?

देवळालीच्या रहिवाशांस एक गोष्ट नेहमीं चमत्कारिक वाटते. नाशिकरोडजवळ एकलहरें येथें १९७० च्या सुमारास सुरू झालेलें मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे. मग हाकेच्या अंतरावर विजेचा कारखाना असून आपल्याच घरचे दिवे कां जावे? परंतु वीज ही विहिरीच्या पाण्यासारखी नाहीं कीं ज्याच्या परसांत ती त्याच्या घागरींत. एकलहऱ्याची वीज प्रथम उच्च दाबाच्या तारांवरून साऱ्या देशभर पसरलेल्या जाळ्यांत जाऊन मिळते. तेथून ती उपकेंद्रांत उतरते, मग अकरा हजार व्होल्टांच्या वाहिनीनें आपल्या आळींतील रोहित्रापर्यंत, म्हणजे ज्यास लोक ‘डीपी’ म्हणतात तेथवर पोंचते, आणि तेथें तिचा दाब २३० व्होल्टांवर आणून खांबावरच्या तारेनें ती घरांत येते. या लांबलचक सांखळीची एखादी कडी निसटली तरी परिणाम एकच. १२ ऑक्टोबर १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईसारख्या शहराची वीज एकाएकीं गेली आणि आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. ज्या मुंबईस टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ पासून मिळत आली, तेथें असें घडूं शकतें. मग डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्यांत झाडांच्या फांद्या तारांवर आपटणाऱ्या गांवीं तें घडावें यांत नवल तें काय?

शिवाय वीज जाणें म्हणजे तास-दोन तास काळोख असाच अर्थ नाहीं. आपल्याकडील वीज एका सेकंदांत ५० आवर्तनें करते; म्हणजे एका आवर्तनास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. ओली फांदी तारेस लागून लगेच दूर झाली, किंवा वाहिनीवरचा खटका पडून आपोआप पुन्हां जोडला गेला, तर कांहीं आवर्तनें बुडतात. तेवढ्यांत आपल्या डोळ्यांची पापणीहि पुरती लवत नाहीं. पण यंत्रांतील हिशेबनिसाचें काम मात्र तुटतें. दिवा गेलेला कोणीं पाहिला नाहीं, एवढ्यावरून वीज गेलीच नव्हती असें म्हणतां येत नाहीं.

पहिला प्रश्न : वीज खरोखर गेली होती काय?

कांचेवर ‘पी-एफ्’ दिसतांच प्रथम हा प्रश्न घरांतल्या साऱ्या मंडळींस विचारावा, आणि साक्षीदार नीट पारखून घ्यावे. दिवाणखान्यांतील दिव्याची व पंख्याची साक्ष पुष्कळदां खोटी ठरते. आजकाल पुष्कळ घरीं बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असतो, आणि दिवे व पंखे त्यावरच जोडलेले असतात. बाहेरची वीज गेली तरी ते चालूच राहतात. धुलाईयंत्राचा भार मात्र सहसा त्यावर नसतो. ‘दिवे तर गेले नाहींत, मग यंत्र कां थांबलें?’ असा जो घोळ होतो त्याचें कारण हेंच. इन्व्हर्टरवर नसलेली वस्तु हाच खरा साक्षीदार. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह ओव्हनचें घड्याळ वेळ विसरून लुकलुकत असेल, तर वीज गेली होती यांत संशय नाहीं. शेजारच्या घरींहि विचारावें. शेजारधर्माचा हा एक नवा उपयोग आहे.

वीज गेली होती असें ठरलें, तर यंत्रास दोष नाहीं आणि घाबरण्याचेंहि कारण नाहीं. वीज गेलेली असतांनाच यंत्राचें बटण व भिंतीवरचा खटका दोन्ही बंद करावे. वीज परत येते त्या क्षणीं साऱ्या आळींतील पंप आणि शीतकपाटें एकदम चालूं होतात, आणि दाब कांहीं काळ खालींवर होतो. पांच-दहा मिनिटें जाऊं द्यावीं, दिवे स्थिर जळत आहेत असें पाहावें, आणि मग यंत्र सुरू करावें. शीतकपाटासहि हीच विश्रांति हितावह असते. यंत्र चालूं केल्यावर ‘पी-एफ्’ दिसल्यास सुरू करण्याचें बटण दाबावें. तें बहुधा थांबलें होतें तेथूनच पुढें चालूं लागतें. तें तसें न करील तर एकदां पुरतें बंद करून, केवळ खळबळणें आणि पिळणें एवढाच क्रम निवडावा. कपड्यांत साबण राहूं देऊं नये. लहान मुलांच्या कोमल त्वचेस त्याचा फार त्रास होतो.

समोरून दार उघडणाऱ्या यंत्राविषयीं एक विशेष सूचना आहे. आंत पाणी असतां दारास कुलूप बसतें, आणि वीज गेल्यावरहि तें लगेच उघडत नाहीं. अशा वेळीं दार ओढून तोडूं नये. कांहीं मिनिटें थांबावें. तरी न उघडल्यास पुढच्या बाजूस खालीं जी लहान झडप असते तिच्या आंतील नळीनें पाणी परातींत काढून घ्यावें. परंतु पाणी कढत केलेलें असेल तर तें निवेपर्यंत त्या नळीस हात लावूं नये, आणि मुलांस जवळ येऊं देऊं नये.

दुसरा प्रश्न : वीज गेलीच नव्हती, तर?

आतां खरा महत्त्वाचा भाग. सर्व साक्षीपुरावे पाहतां वीज गेली नव्हती असें दिसतें, आणि तरीहि यंत्र ‘पी-एफ्’ म्हणतें. एकदां नव्हे, पुन्हां पुन्हां म्हणतें. अशा वेळीं यंत्र खोटें बोलत आहे असें समजून बटण दाबीत बसणें यासारखा दुसरा धोका नाहीं. यंत्र खरेंच सांगत असतें. खांबापर्यंत वीज आहे, घरांत आहे, पण यंत्रापर्यंत ती अखंड पोंचत नाहीं. म्हणजेच भिंतीपासून यंत्रापर्यंतच्या वाटेंत कोठें तरी सांधा ढिला झाला आहे.

ढिला सांधा इतका भयंकर कां, तें थोड्या गणितानें समजेल. पाणी तापविणाऱ्या यंत्राचा तापक २००० वॉटचा धरला, तर २३० व्होल्टांवर तो सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. सांधा घट्ट असेल तर या प्रवाहास अडथळा जवळजवळ नसतोच. पण पितळी पकड सैल झाली, तिच्यावर गंज चढला, आणि अवघा अर्धा ओहम अडथळा उत्पन्न झाला, तर त्या एका बिंदूवर सुमारें ३८ वॉट इतकी उष्णता निर्माण होते. तारा जोडण्याचें झाळकाम ज्यानें करतात ती लहान विजेची डागणी २५ वॉटची असते! म्हणजे भिंतींतील सॉकेटच्या आंत, लांकडी पट्टीच्या मागें, कोणाच्याहि दृष्टीस न पडतां एक तापलेली डागणी ठेवण्यासारखेंच हें झालें. उष्णतेनें पितळाची पकड आणखी सैल होते, सैल झाल्यानें उष्णता आणखी वाढते, आणि मधूनमधून ठिणगी उडून प्रवाह क्षणभर तुटतो. तो क्षण यंत्र आपल्या वहींत टिपतें आणि ‘पी-एफ्’ लिहितें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं या म्हणीप्रमाणें आपण अशा वेळीं यंत्राच्या मिस्त्रीस बोलावतों, आणि भिंतीकडे कोणी पाहत नाहीं.

देवळाली कॅम्पांत आमच्या परिचयाच्या एका घरीं असाच प्रकार घडला. मुलें नोकरीनिमित्त परगांवीं. घरांत वृद्ध पतिपत्नी दोघेंच. यंत्र आठ-पंधरा दिवस रोज एकदां तरी ‘पी-एफ्’ दाखवी, आणि यजमान बटण दाबून तें पुन्हां चालूं करीत.

“अहो, वीज गेलेली नाहीं. शीतकपाटाचा आवाज चालूच होता,” असें बाईंनीं सांगून पाहिलें.

“अगं, क्षणभर गेली असेल. तुझ्या कानांस कळणार आहे काय?” असें म्हणून यजमानांनीं तो विषय संपविला.

मध्यंतरीं यंत्राचा कारागीर येऊन गेला; त्यास यंत्रांत दोष सांपडला नाहीं, कारण तो नव्हताच. पुढें सुटीत पुण्याहून सून आली. तिनें दोन दिवस घड्याळ लावून पाहिलें, आणि सासूबाईंस म्हणाली, “आई, वीज जावयाची तर कोणत्याहि वेळीं जाईल. पण हें यंत्र रोज पाणी तापूं लागल्यावरच कसें थांबतें? आणि या सॉकेटपाशीं जळका वास येतो तो कसला?” तिनें तत्काळ खटका बंद केला आणि वायरमनास बोलावणें पाठविलें. त्यानें मेन स्विच पाडून सॉकेट उघडलें. पितळ काळें ठिक्कर पडलेलें, तारेवरचें आवरण भाजून ठिसूळ झालेलें, आणि मागची जुनी लांकडी पट्टी कोळशासारखी झालेली. “काकू, यंत्राला कांहीं झालेलें नाहीं,” तो म्हणाला, “पण वेळेवर बोलावलंत. आणखी थोडे दिवस असेच गेले असते, तर ही पट्टी पेटली असती.” सॉकेट आणि तार बदलण्यास तासभरहि लागला नाहीं. त्या दिवसापासून यंत्र एकदांहि थांबलें नाहीं.

त्या सुनेनें जी गोष्ट टिपली ती प्रत्येकीनें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वीजमंडळाकडून तुटणाऱ्या विजेस वेळेचें बंधन नसतें. ढिल्या सांध्यास असतें. यंत्र नेहमीं पाणी तापवितांना, किंवा नेहमीं पिळतांना हादरूं लागल्यावरच थांबत असेल, तर संशय भिंतीकडे वळवावा. पिन हातास गरम लागणें, सॉकेटवर तपकिरी डाग दिसणें, जळक्या मेणकापडासारखा वास येणें, आणि आंतून बारीक तडतड ऐकूं येणें, हीं चार लक्षणें होत. यांतील एकहि आढळलें, तर पिनेस वा सॉकेटास हात न लावतां मेन स्विच किंवा त्या वाटेचा खटका बंद करावा, आणि जाणत्या वायरमनाकडून दुरुस्ती होईपर्यंत कपडे हातानें धुवावे.

जुन्या घरांची विशेष काळजी

देवळालीसारख्या ठिकाणीं हवापालटाच्या बंगल्यांतून हा धोका अधिक असतो. घर आठ-आठ महिने बंद. तेवढ्या अवधींत ओलीनें पितळावर गंज चढतो, उंदीर तारा कुरतडतात, मुंग्या आणि पाली सॉकेटांत बिऱ्हाड करतात. मे महिन्यांत वा दिवाळींत मंडळी येतात आणि पहिल्याच दिवशीं साऱ्या प्रवासाचे कपडे यंत्रांत टाकतात. असें न करतां बंद घर उघडल्यावर प्रथम वायरमनाकडून तारा व सांधे पाहून घ्यावे. अनेक जुन्या घरांत लांकडी पट्ट्यांतून गेलेल्या, रबर व कापडाचें आवरण असलेल्या तारा अद्याप आढळतात. त्या दिव्यासाठीं घातलेल्या होत्या, दोन हजार वॉटच्या तापकासाठीं नव्हेत. धुलाईयंत्रास स्वतंत्र तार, स्वतंत्र खटका, आणि १६ अँपिअरचें मोठें सॉकेट, म्हणजे ज्यास ‘पॉवर पॉइंट’ म्हणतात तें, असावयासच पाहिजे. लांब एक्स्टेन्शन-दोरी लावून, किंवा मोठ्या पिनेस लहान सॉकेटांत बसविणारा जोड घालून यंत्र चालविणें म्हणजे ढिला सांधा हौसेनें विकत आणणें होय.

तिसरी पिन ही शोभेची नाहीं. ती इतर दोहोंपेक्षां लांब कां केली आहे, हें पाहण्यासारखें आहे: पिन आंत जातांना ती सर्वांआधीं टेकावी आणि निघतांना सर्वांनंतर सुटावी, म्हणून. यंत्राच्या लोखंडी अंगांत वीज उतरलीच तर ती तिच्यावाटे जमिनींत जाते. जुन्या घरांत पुष्कळदां तिसरें भोंक असतें, पण त्यामागें तारच नसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून यंत्रास हात लावणाऱ्या गृहिणीच्या जिवाशीं हा खेळ आहे. अर्थिंग तपासून घ्यावें, आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर पडणारा संरक्षक खटका मेन स्विचापाशीं बसवून घ्यावा. हा खटका एकदां पडला तर एकदां चढवून पाहावा. पुन्हां पडला तर त्यास बळेंच चढवूं नये. तो आपला पहारेकरी आहे.

आणखी एक संकट पावसाळ्यांत येतें. खांबावरची न्यूट्रल तार तुटली म्हणजे कांहीं घरांत दाब अगदीं उतरतो, तर कांहीं घरांत तो २३० व्होल्टांवरून ४०० च्या घरांत जाऊं शकतो. दिवे एकाएकीं लख्ख झाले किंवा अगदीं मंद झाले, तर विचार करीत न बसतां मेन स्विच बंद करावा आणि मग तक्रार नोंदवावी. घरांतील बाकीच्या खटाटोपीचा येथें उपयोग नाहीं. तें काम लाइनमनाचें आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या राज्य वीजमंडळाचे २००५ मध्यें विभाग झाले, तेव्हांपासून घरोघरचा पुरवठा महावितरण कंपनीकडे आला. तिच्याकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार करतां येते. पुरवठा पूर्ववत् करण्याच्या मुदती राज्याच्या वीज नियामक आयोगानें ठरवून दिल्या आहेत, आणि त्या पाळल्या न गेल्यास ग्राहकास भरपाई मागण्याची तरतूदहि आहे. म्हणून तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवण्यास चुकूं नये.

शेवटीं एक साधी सूचना. यंत्राजवळ एक लहान वही दोरीनें टांगून ठेवावी. ‘पी-एफ्’ दिसलें कीं तारीख, वेळ, यंत्राचें कोणतें काम चालू होतें, आणि शेजारीं वीज गेली होती कीं नाहीं, या चार गोष्टी तींत लिहाव्या. महिनाभरांत पान बोलूं लागेल. वेळा वेड्यावांकड्या असतील आणि शेजारींहि वीज गेलेली असेल, तर थोडें थांबून बटण दाबावें व निश्चिंत असावें. वेळा एकसारख्या असतील आणि वीज केवळ आपल्याच यंत्राची जात असेल, तर त्याच दिवशीं वायरमनास बोलवावें. ही वही लिहिण्यास विजेचें शास्त्र यावें लागत नाहीं. आणि घरांत वृद्ध मंडळी एकटीं राहत असतील, तर दर महिन्यास ती वही टेलिफोनवर वाचून घेणें हें परगांवच्या मुलांचें कर्तव्य समजावें.